जामीन राहायला लोणी काळभोरला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात फळीवर, तुपाच्या बरणीशेजारी द्राक्षासवाची जी बाटली असायची, तिच्यात द्राक्षासव निम्मंच असायचं. बाकीची रम असायची.

बिबवेवाडीत माझं आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: द्राक्षासव म्हणजे मनुका आंबवून केलेलं पातळ औषध. भूक लागत नाही, अन्न पचत नाही, आजारपणानंतर अशक्तपणा आहे, अशांना देतात. जेवणानंतर दोन झाकणं, तेवढंच पाणी घालून. आंबवलेलं असल्यामुळे मुळातच त्यात थोडा मद्यार्क असतो, आणि लवंग-दालचिनीचा वास इतका असतो की त्याच्याआड बरंच काही लपतं. रंग तर रमचाच. एवढी सोय असताना माझ्याआधी हे कुणाला सुचलं नसेल असं वाटत नाही, पण कबूल करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सुरुवात का झाली ते सांगत बसत नाही. सांगायला बसलो तर कारणं पुष्कळ निघतील आणि सगळी खरी वाटतील. माझी बायको अलका रोज जेवण झालं की स्वतःच्या हाताने दोन झाकणं मोजून द्यायची, आणि ती भांडी आवरून टीव्हीसमोर गेली की उरलेला हिशेब मी ओट्याशी उभा राहून पुरा करायचो. आपल्याकडे मित्रांनी मिळून पिण्याला ‘बसणं’ म्हणतात. ‘आज बसायचं का?’ असं विचारलं की कुणी खुर्चीबद्दल विचारतंय असं कुणाला वाटत नाही. ह्या अर्थाने मी आयुष्यात कुणाबरोबर बसलेलो नाही. त्यामुळे नात्यागोत्यात माझी ख्याती निर्व्यसनी म्हणून आहे. लग्नकार्यात पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या की सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे येतात. मुलींची स्थळं बघणाऱ्या बायका अलकाला म्हणतात, जावई तुमच्या ह्यांच्यासारखा मिळाला पाहिजे.

ह्या ख्यातीमुळेच मला हा प्रवास घडला. बिबवेवाडी ते खडकी, खडकीहून लोणी काळभोर, आणि परत. लोक लडाखची वर्णनं लिहितात. माझं अंतर थोडं आहे, पण ह्या मार्गाने जाणारे पुष्कळ असूनही परत येऊन त्यावर लिहिणारा कुणी दिसला नाही. म्हणून लिहितो.

खडकी, बुधवार

विलास हा अलकाचा धाकटा भाऊ. खडकीत कारखान्यात नोकरी, तिथलंच क्वार्टर. तो पितो हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तो लपवत नसे. गटारीला पितो, होळीला पितो, पगाराला पितो, इथपासून सुरू होऊन सकाळी कामावर जाण्याआधी हात स्थिर व्हावेत म्हणून पितो, इथपर्यंत त्याचा प्रवास झाला होता. मग एके दिवशी डोळे पिवळे झाले. कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, त्याने चुन्याच्या पाण्याने हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांचं समाधान झालं आणि विलास पुन्हा प्यायला लागला. शेवटी त्याची बायको मीना मुलांना घेऊन साताऱ्याला माहेरी गेली. जाताना म्हणाली, मठात जाऊन सोडली तरच परत येईन, नुसत्या तोंडी सोडण्याला माझ्याकडे किंमत नाही.

मठ म्हणजे लोणी काळभोरच्या पुढे, शेतात एका साधूंची समाधी आहे, तिथे गुरुवारी लोक दारू सोडायला जातात. तिथला नियम असा की सोडणाऱ्याला जामीन लागतो. जामीन जवळच्या नात्यातला हवा आणि त्याच्या ओठाला कधी लागलेली नसावी. नात्यातल्या सगळ्या पुरुषांची नावं घेऊन झाली. मग अलका म्हणाली, हे आहेत की.

मी निघताना पिशवीत बाटली ठेवली होती. जिना उतरून खाली आलो, परत वर गेलो आणि ती फळीवर ठेवली. मेहुण्याला दारू सोडायला न्यायचं आणि पिशवीत आपली न्यायची, एवढा निर्लज्ज मी नाही असं मला त्या वेळी वाटलं. पुढचं सगळं ह्या एका सद्विचारामुळे घडलं.

विलासला त्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडणार होते. पिणं एकदम बंद केलं तर झटके येतात, भलतंसलतं दिसतं, माणूस दगावूही शकतो, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मठाला जायच्या आधी त्याला दाखल करून घेतलं होतं आणि गोळ्या देऊन हळूहळू बाहेर काढलं होतं. मठाला त्यांची हरकत नव्हती. “आधी इथे, मग तिथे,” एवढंच त्यांचं म्हणणं. विलास कपडे भरत होता तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, “काका, तुम्ही घेता?”

मी म्हणालो, नाही.

“छान. म्हणजे तुमच्या घरी हा राहू शकतो.” मग त्यांनी मला यकृताबद्दल सांगितलं. यकृताची एक वाईट सवय आहे, ते कुरकुर करत नाही. बरंच खराब होईपर्यंत माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, भूक थोडी कमी होते, थोडं जड वाटतं, आणि माणूस म्हणतो पित्त झालंय. विलासचं अजून सावरण्यासारखं आहे. पण आता एक घोट म्हणजे पहिल्यापासून सगळं, आणि ह्या वेळी सावरेल असं त्या लिहून देणार नाहीत.

मला भूक थोडी कमी लागत होती आणि थोडं जड वाटत होतं. मी विचारलं, औषध म्हणून थोडीशी घेणाऱ्यांचं काय? आमच्याकडे गिऱ्हाइकं विचारतात.

“गिऱ्हाइकांना सांगा, यकृताला लेबल वाचता येत नाही,” असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

संध्याकाळी क्वार्टरवर शेजारचे, लष्करातून निवृत्त झालेले हवालदार भेटायला आले. विलासला निरोप द्यायचा असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. त्यांना कॅन्टीनमधून रमचा कोटा मिळतो आणि तो खरा, सरकारी, भेसळ नसलेला आहे ह्याचा त्यांना अभिमान आहे. ज्यांना सर्दी झाली, ज्यांच्या घरी बाळंतीण आहे, ज्यांची पाठ धरली, त्या सगळ्यांना ते त्यातून चार थेंब देतात. बाटली उघडली की आधी बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर उडवायचे, मगच ओठाला लावायची, हेही त्यांनीच विलासला शिकवलं. ते थेंब कुणाला जातात असं मी विचारलं, तर म्हणाले, “ज्यांना आता मिळत नाही त्यांना.” त्यांच्याकडे पिण्याचा परवानाही आहे. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. “म्हणजे बघा,” हवालदार म्हणाले, “सरकारच म्हणतंय तब्येतीला चांगली. आणि तुमची डॉक्टरीण म्हणते वाईट. माणसाने कुणाचं ऐकावं?”

विलास म्हणाला, “सरकारचं यकृत कुणी बघितलंय का?”

हवालदार हसले नाहीत. जाताना त्यांनी विलासला जवळ घेतलं, आणि माझ्याकडे वळून, मी न पिणारा म्हणून, नुसता नमस्कार केला.

लोणी काळभोर, गुरुवार

खडकीहून लोकलने पुणे स्टेशन आणि तिथून सोलापूर रस्त्याची बस. हडपसर संपता संपत नाही. पूर्वी इथे शेतं होती असं विलास म्हणाला. पूर्वी सगळीकडेच शेतं होती, आपण काय बघायला गेलो नव्हतो. मांजरीच्या पुढे बस थांबली तेव्हा एक नीरावाला हाका मारत होता. नीरा सकाळी गोड असते आणि ऊन चढेल तशी आंबत जाते. दुपारनंतर तिच्यात आणि ताडीत फारसं अंतर राहत नाही. विलासने घड्याळात पाहिलं आणि नको म्हणाला. “पावणेबारा म्हणजे वादाचा विषय आहे,” तो म्हणाला. मी मात्र एक पेला घेतला. आता जे सांगायचंच आहे ते सांगतो: मला तिच्यात काही सापडतंय का, हे बघायचं होतं. काही सापडलं नाही.

मठ महामार्गापासून आत, उसाच्या आणि शेवंतीच्या मळ्यांमधून गेल्यावर लागतो. पत्र्याची शेड, चिंचेचं झाड, विहीर आणि समाधी. आमच्याकडे पुण्यात अशा ठिकाणी ‘चपला येथे काढू नयेत’, ‘विनाकारण बसू नये’, ‘चौकशी एकदाच करावी’ अशा पाट्या असतात. इथे एकही पाटी नव्हती, त्यामुळे सुरुवातीला काय करायचं नाही ते कळेना. मठाचं बघणारे तात्या म्हणून गावातले वयस्कर शेतकरी आहेत. त्यांनी विचारलं, “जेवन झालंय का?” नाही म्हटल्यावर आधी पंगतीला बसवलं. ज्वारीची भाकरी, घट्ट पिठलं, मिरचीचा ठेचा आणि गुळातली गव्हाची खीर. आमच्याकडे असल्या कामाला आलेल्या माणसाला आधी चार शब्द सुनावले असते आणि मग चहा विचारला असता.

त्या दिवशी सोडायला आलेले आणखी दोघे होते. एकजण वाघोलीकडचा, जमिनी विकून मोठा झालेला. त्याची गाडी विहिरीपर्यंत येत नव्हती म्हणून तो नाराज होता. त्याचा जामीन त्याचा ड्रायव्हर होता. नात्यातला हवा ना, असं तात्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, “आख्ख्या भावकीत ह्याच्याशिवाय कोरडं माणूस नाही. दत्तक घेतो पाहिजे तर.” तात्यांनी विचार करून चालवून घेतलं. दुसरा आयटीतला मुलगा होता, आईला घेऊन आलेला. त्याने विचारलं, “तात्या, हे लाइफटाइम असतं की रिन्यू करावं लागतं?”

तात्या म्हणाले, “रोज करावं लागतं.”

विधी असा. सोडणाऱ्याने आपली शेवटची बाटली आणायची आणि चिंचेच्या बुंध्याशी स्वतःच्या हाताने ओतायची. विलासने हवालदारांनी दिलेली ओतली. ओतताना आपोआप त्याचं बोट बाटलीत गेलं आणि त्याने आधी तीन थेंब उडवले. सगळे हसले, तोही हसला. मग त्याने तांब्याचं भांडं विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरून समाधीपर्यंत न्यायचं. सांडलं तर पुढच्या गुरुवारी यायचं. दारुड्याचे हात थरथरतात, त्यामुळे ज्याची नुकतीच सुटली आहे तो तिथे अडतो, असा त्याच्यामागचा हिशेब असावा. विलास दवाखान्यातून बरा होऊन आला होता. त्याने भांडं असं नेलं की पाण्यावर सुरकुती पडली नाही.

मग जामिनाने तेच भांडं पुन्हा भरून न्यायचं आणि सोडणाऱ्याच्या ओंजळीत ओतायचं.

मी शेवटची घेतली होती ती मंगळवारी रात्री, जेवणानंतर. सकाळपासून मी हात खिशात ठेवले होते. भांडं उचलायला ते खिशातून बाहेर काढावे लागले. पहिल्या पावलाला पाणी अंगठ्यावरून सांडलं, दुसऱ्याला सदऱ्यावर. मी भांडं छातीशी धरलं तर ते छातीवर वाजायला लागलं. समाधीपाशी पोहोचलो तेव्हा भांड्यात तळाशी थोडं उरलं होतं आणि माझ्या कपाळावरून घाम गळत होता.

शेडमध्ये बायका बसल्या होत्या. आयटीवाल्या मुलाची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, “मेहुण्यावर किती जीव आहे हो.” वाघोलीचा गृहस्थ आपल्या ड्रायव्हरला म्हणाला, बघ, जामीन असा पाहिजे. तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “पावनं, रडू नका. हुईल समदं चांगलं.”

मी रडत नव्हतो. पण आता घाम पुसला तर ते अश्रू नव्हते हे कळेल, म्हणून मी तो पुसला नाही.

जामिनाला सांडण्याचा नियम लागू नव्हता. तात्यांनी मला विचारलं, “तुमच्या व्हटाला कधी लागलीय का?”

समाधी समोर होती. विलास ओंजळ पुढे करून बसला होता आणि माझ्या हातांकडे पाहत होता. मी हो म्हणालो असतो तर विलास जामिनाशिवाय परत जाणार, मीना साताऱ्यालाच राहणार. असा मी विचार केला असं आता मला वाटतं. त्या वेळी मी काहीच विचार केला नव्हता. सवयीने म्हणालो, “कधीच नाही.”

मग शपथ झाली. विलासने म्हटलं की आजपासून पिणार नाही आणि दारूपायी खोटं बोलणार नाही. दोन्ही एकत्रच म्हणायचं असतं. खोटं सुटल्याशिवाय दारू सुटत नाही, असं तात्या म्हणाले, पण ते सगळ्यांना उद्देशून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, “हा मोडेल ते माझ्या माथी.” हात ठेवल्यावर डोकं हललं की हात, ते सांगता येणार नाही.

रात्री मठातच राहायचं असतं. मला झोप लागली नाही. एवढंच त्या रात्रीबद्दल.

बिबवेवाडी, शुक्रवार

शपथेनंतर पहिलं जेवण बहिणीच्या घरी, अशी मठाची पद्धत आहे. ती का पडली ते तात्यांना माहीत नव्हतं. मला वाटतं बायकोपेक्षा बहीण कमी टोचून बोलते म्हणून असेल. हडपसरला उतरून रिक्षा केली. रस्ताभर मला जेवणाची आठवण येत होती, आणि खरं सांगायचं तर जेवणानंतरची.

अलकाने मुगाचं वरण, भात, दोडक्याची भाजी, ताक असं सगळं पथ्याचं केलं होतं. भावाला दारातच ओवाळलं. मला मागे उभं राहावं लागलं. आमच्या हातांचा, म्हणजे माझ्या हातांचा, वृत्तांत विलासने सांगितला. दाजींनी पाणी सांडलं, बायका रडल्या, असं. अलकाने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतर एक-दोनदाच तसं पाहिलं असेल. ताटात तूप वाढताना चमचा दोनदा आला.

जेवण झालं. तिने फळीवरची बाटली काढली, स्टीलचा पेला घेतला, दोन झाकणं ओतली. मी हात पुढे केला. ती म्हणाली, “थांबा हो, आधी विलासला. अशक्त झालाय किती. विलास, हे रोज घे, ह्यांच्याकडे बघ, पन्नाशी उलटली तरी कधी दवाखाना नाही.” आणि तेवढंच पाणी घालायला ती माठाकडे वळली.

मी लगेच उठलो नाही. हे लिहायलाच हवं. ती माठाकडे जाऊन येईपर्यंत मी बसून राहिलो आणि डोक्यात हिशेब केला: दोन झाकणं, त्यातलं निम्मं, त्यात पाणी, एवढ्याने काय होणार. हा हिशेब मी इतकी वर्षं रोज करत आलो होतो आणि तो कधी चुकला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी एक घोट म्हटलं होतं. घोट म्हणजे केवढा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. अलकाने पेला विलासच्या हातात दिला. त्याने विश्वासाने घेतला आणि तोंडाजवळ नेला.

तेव्हा मी उठलो. त्याच्या हातातून पेला काढून घेतला, मोरीत ओतला, आणि मग बाटलीही ओतली. बाटलीचं तोंड लहान असतं, वेळ लागतो. घरात फक्त तो आवाज.

“अहो, काय करताय?” अलका म्हणाली.

“जुनं झालंय.”

नंतर मला सुचलं की आसवातही मद्यार्क असतो, विलासला चालणार नाही, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. निम्मं तरी खरं झालं असतं. पण दुकानात ‘त्यात काही नसतं हो, लहान मुलांनाही देतात’ असं मी अलकादेखत इतक्यांना सांगितलंय की ते तोंडावर आलं नाही.

“आसव जुनं होतं?” ती म्हणाली. “तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता, जितकं जुनं तितकं गुणकारी. भरलेली बाटली होती. मी माझ्या भावाला दोन झाकणं दिली तर तुमचा हात आखडला. रोज तुम्हाला देते तेव्हा जुनं नव्हतं.”

मी रिकाम्या बाटलीला झाकण लावलं. तिचे डोळे भरले होते, आणि आदल्या दिवशी लोकांनी माझ्या डोळ्यांत जे पाहिलं होतं ते हेच असावं. दाखवायला तिथे नेलं, डोक्यावर हात ठेवला, आणि घरी आल्यावर औषध मोजलंत, असं ती म्हणाली. चूक तिची नव्हती. दिसत होतं ते असंच.

विलासने पेला नाकाशी नेला होता, तेवढं त्याला पुरेसं होतं. तो उठला, मोरीपाशी येऊन त्याने नळ सोडला आणि वास जाईपर्यंत पाणी वाहू दिलं. मग वळून म्हणाला, “ताई, खरंच बिघडलं होतं ते. आंबूस वास येत होता. दाजींनी ओतलं ते बरं केलं.”

शपथ घेतल्याला एक दिवसही झाला नव्हता.

अलकाने विश्वास ठेवला नाही. भाऊ मोठ्या मनाचा आहे आणि नवरा कोत्या, एवढं तिने त्यातून घेतलं आणि भांडी गोळा केली.

संध्याकाळी मी विलासला स्कूटरवरून खडकीला सोडायला निघालो. संगम पुलाच्या अलीकडे त्याने थांबायला सांगितलं. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. त्याने सांगितलं की त्याला मठातच कळलं होतं. ते हात त्याच्या ओळखीचे होते.

“मग तिथे बोलला का नाहीस?” मी विचारलं.

“बोललो असतो तर दुसरा जामीन कुठून आणला असता? ड्रायव्हर तर बुक होता.” मग तो म्हणाला, “दाजी, एकदम बंद करू नका. फिट येते. बाईंकडे चला, मी येतो बरोबर.”

मी हो म्हणालो.

“आणि ताईला सांगा. माझं सांगून टाका असं नाही, तुमचं सांगा. मी आज तिच्यासमोर खोटं बोललोय. पिण्याचं मला सांभाळता येईल, पण ते खोटं माझ्याकडे राहिलं तर मला रोज दिसत राहील. ते तुम्ही परत घ्या.”

मी त्यालाही हो म्हणालो.

पहिलं केलं. नाशिकला औषध विक्रेत्यांचं अधिवेशन आहे असं अलकाला सांगून मी त्याच दवाखान्यात दाखल झालो. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं आणि गिऱ्हाइकं कशी आहेत असं विचारलं. यकृताला सूज होती, पण वेळेत आलात म्हणाल्या. विलास दोन्ही वेळा डबा आणायचा. घरी येताना अधिवेशनाहून आल्यासारखं वाटावं म्हणून मी शिवाजीनगरला उतरून नाशिकचा चिवडा घेतला. अलकाने तो खाऊन बघितला आणि नाशिकला आता पूर्वीसारखा चिवडा मिळत नाही म्हणाली. तेव्हापासून मी घेतलेली नाही. ह्याला किती दिवस झाले ते मोजत नाही, कारण मोजायला लागलो की हिशेब सुरू होतो.

विलासने पुन्हा घेतलेली नाही. मीना मुलांना घेऊन परत आली. हवालदार आता त्यांच्याकडे आले की चहा पितात आणि सवयीने त्यातलेही थेंब उडवतात, त्यावर मीना वैतागते. ज्यांना कुणाला न्यायचं असेल त्यांनी गुरुवारी सकाळी निघावं, दुपारचं जेवण मठात मिळतं, आणि जामीन आधी नीट बघून घ्यावा. त्याहीआधी डॉक्टरला भेटावं.

अलका अजून मला दोन झाकणांवरून बोलते. पाहुण्यांपुढे सांगते, आमच्या ह्यांनी माझ्या भावाच्या तोंडातून औषध काढून घेतलं. तिथे विलास असला की तो खाली बघतो. तो आता खोटं बोलत नाही आणि माझ्यामुळे खरंही बोलू शकत नाही.

हे छापून आलं तरी ती वाचेलच असं नाही, आणि वाचलं तरी ते मी सांगितलं असं होणार नाही. बाटलीत काय होतं ते तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. विलासचं खोटं मी अजून परत घेतलेलं नाही.